तालुक्याच्या गावी बिऱ्हाड मांडताना

पुण्या-मुंबईत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या अनेक जोडप्यांच्या बोलण्यात हल्ली एक विषय हमखास निघतो. इथलं आवरून एखाद्या तालुक्याच्या गावी राहायला जायचं का? फ्लॅटचे हप्ते, मुलांचे शाळेच्या बसमध्ये जाणारे तास, गावाकडे एकटे पडलेले आईवडील, काहींना घरून काम करण्याची मिळालेली मुभा, ही सगळी कारणं खरी आहेत. पण ठरवण्याची रीत बहुधा घाईची असते. दिवाळीत चार दिवस गावी जायचं, नदीकाठी फिरायचं, ताज्या भाजीची जुडी स्वस्तात आणायची आणि ‘आपण इथंच राहू’ असं म्हणून टाकायचं. किंवा मे महिन्यात दोन रात्री लाइट गेली म्हणून तो विषयच बंद करायचा. पाहुणा म्हणून जे दिसतं त्यावर संसार मांडता येत नाही आणि मोडूही नये.

गाव कुटुंबाला मानवेल की नाही, हे पाहायची एक कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. घरातल्या ज्या माणसाला सर्वांत कमी पर्याय आहेत, त्याला ते गाव पुरतं का? गाडी न चालवणारी आजी, नवऱ्यामागून नोकरी सोडून येणारी बाई, नववीतली मुलगी, दमा असलेलं लहान मूल. मोटारसायकलची किल्ली आणि महिन्याचा पगार ज्याच्या खिशात आहे, त्याला कुठलंही गाव चालून जातं. म्हणून त्याचं मत शेवटी घ्यावं.

हद्द कुणाची?

जनगणनेच्या हिशेबात एखादी वस्ती शहरी ठरायची तर तिथं किमान ५,००० लोक हवेत, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी हवी आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. याशिवाय जिथं नगरपरिषद किंवा नगरपंचायत आहे, ते गाव या अटी न मोजताच शहरी धरलं जातं. महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या कायद्यानं चालतो आणि लोकसंख्येनुसार त्यांचे अ, ब, क असे वर्ग पडतात.

ही माहिती कोरडी वाटली तरी तिचा संबंध थेट आपल्या नळाशी आहे. गावाबाहेर दोन किलोमीटरवरचा प्लॉट स्वस्त मिळतो, कारण तो बहुतेक वेळा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर असतो. तिथं पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा आणि कचरा यांची जबाबदारी शेजारच्या ग्रामपंचायतीकडे जाते आणि नव्या वसाहतीपर्यंत पोहोचण्याइतका पैसा तिच्याकडे असेलच असं नाही. वीजही तपासून घ्यावी. गावठाणाचा फीडर आणि शेतीपंपांचा फीडर वेगळे असतात. शेताच्या कडेला बांधलेलं टुमदार घर शेतीच्या लाइनवर असेल तर दिवसाचे कितीतरी तास एकाच फेजवर काढावे लागतात. घरून काम करणाऱ्यानं हे आधी विचारावं, इंटरनेटचं नंतर.

फलटणचं उदाहरण

मोघम बोलण्यापेक्षा एक गाव समोर ठेवू. फलटण हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व अंगाचं, बाणगंगेच्या काठचं तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५२ हजारांच्या घरात होती. निंबाळकरांचं हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या फलटणला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. नीरेच्या उजव्या कालव्यामुळे मात्र तालुक्याच्या एका भागात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, दुधाचा धंदा वाढला. अलीकडे इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचा मोठा कारखाना सुरवडीला आला. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी इथं मुक्कामाला असते आणि लाखो वारकऱ्यांना सामावून घेताना गावाच्या पाण्याची आणि स्वच्छतेची परीक्षाच होते. गाव नीट पाहायचं असेल तर पालखीनंतरच्या चार दिवसांत जाऊन पाहावं. रस्ते किती लवकर स्वच्छ झाले, यावरून नगरपरिषदेची कुवत कळते.

फलटणला बाहेरून येऊन राहिलेल्या माणसांची परंपरा आहे. मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला १९६० च्या दशकात इथं आल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि अनेक दशकं इथंच राहिल्या. १९८० च्या दशकात त्यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि पुढं कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमलाबाईही जन्मानं अमेरिकन. भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण त्यांनी सुरू केलं. त्यांचे चिरंजीव बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला शेतीसंशोधनाची संस्था काढली. करडई, गोड ज्वारी आणि जुळी कोकरं देणारी ‘सुवर्णा’ मेंढी ही तिथल्या कामाची फळं. निंबकरांच्या पत्नी जाई निंबकर लेखिका. त्यांच्या भगिनी गौरी देशपांडे जवळच्या विंचुर्णीत राहिल्या आणि त्या वास्तव्यातून त्यांचं ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक आलं. आयआयटी कानपूरमध्ये शिकून फ्लॉरिडात पीएचडी केलेले अनिल राजवंशी १९८१ मध्ये फलटणला आले ते कायमचे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही नावं वाचून हुरूप येतो. पण त्यामागची परिस्थितीही वाचली पाहिजे. निंबकरांकडे जमीन होती, घर होतं. राजवंशी आले तेव्हा फलटण त्यांच्या पत्नी नंदिनी यांचं माहेर होतं आणि पुढं त्या दोघांनीही निंबकरांच्या संस्थेत संशोधन केलं. म्हणजे नवऱ्याला काम आणि बायकोला फक्त पत्ता, अशी स्थिती तिथं नव्हती. आणि मुलांना घालावीशी वाटेल अशी शाळा नव्हती, तेव्हा ती काढण्यात पुढाकार घेणारी माणसं गावात होती. रोजचं काम, राहायची जागा आणि चार समविचारी माणसं, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या म्हणून ही माणसं टिकली. ज्याला गावी जायचं आहे त्यानं आपल्याकडे या तिन्हींपैकी किती आहेत, हे प्रामाणिकपणे मोजावं. दोन असतील तर तिसरी उभी करता येते. एकही नसेल तर पहिलं वर्ष फार जड जातं.

पाणी: नळाला किती वेळ?

‘पाणी आहे का?’ या प्रश्नाला सगळीकडे ‘आहे की!’ असंच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: मे महिन्यात किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ असतं? भुयारी गटार असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा ठोकताळा आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबानं ६७५ लिटर लागतात. पाणी तिसऱ्या दिवशी येत असेल तर निदान दोन हजार लिटरची साठवण हवी आणि ते पाणी वर चढवायला वीजही त्याच वेळी हवी.

एखाद्या पेठेत पहाटे पाचला उभं राहिलं की सगळं समजतं. वॉलमन येऊन लोखंडी दांड्यानं व्हॉल्व्ह फिरवतो, नळात आधी हवा खरखरते, मग गढूळ धार येते. काही घरं नळाला थेट मोटार लावतात आणि गल्लीच्या टोकाच्या घरात पाणी पोहोचेपर्यंत वेळ संपते. आपण भाड्यानं घेत असलेलं घर गल्लीच्या तोंडाशी आहे की टोकाला, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. त्या गल्लीतल्या बायकांना विचारा. पाणी भरण्याची ड्युटी अजून बहुतेक घरांत त्यांच्याकडेच आहे आणि खरं उत्तर त्यांच्याकडेच मिळतं.

बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. वर्षानुवर्षं कालव्याचं पाणी आणि रासायनिक खतं मिळालेल्या ऊसपट्ट्यात या दोन्ही गोष्टी बिघडलेल्या असू शकतात. नायट्रेटचा धोका सर्वांत जास्त तान्ह्या बाळांना असतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

रात्री दोन वाजताचा डॉक्टर

तालुक्याच्या गावात दवाखान्यांच्या पाट्या भरपूर दिसतात. दिवसाच्या पाट्यांवरून रात्रीची सोय कळत नाही. सरकारी रचनेत सपाटीच्या भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय अपेक्षित आहे. मोठ्या तालुक्यांत उपजिल्हा रुग्णालय असतं, तसं ते फलटणलाही आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. हा सांगाडा चांगला आहे. प्रश्न असतो त्यात त्या घडीला माणूस आहे का, हा.

याची परीक्षा घ्यायला एकच प्रश्न पुरतो: या गावात रात्री दोन वाजता सिझेरियन होतं का? सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बाळाला पाहणारा डॉक्टर एकाच वेळी हजर लागतात, शिवाय रक्त मिळण्याची सोय लागते. छोट्या गावात अनेकदा एकच भूलतज्ज्ञ चार खाजगी रुग्णालयांत धावत असतो. तो बाहेरगावी असला की ‘पेशंट पुढं घेऊन जा’ असं सांगितलं जातं. ज्या गावात ही चार सूत्रं रात्रीही जुळतात, तिथं बाकीची बरीच आणीबाणी निभावते. घरात बाळंतपण व्हायचं नसलं तरी हा प्रश्न विचारावा.

दुसरा प्रश्न आजी-आजोबांसाठी. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघात झाला तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करावंच लागतं. म्हणून सीटी स्कॅन रात्री चालू असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण शोधा आणि तिथवरचा रस्ता एकदा स्वतः रात्री जाऊन पाहा. फलटणकरांना तासाभरात बारामती गाठता येते, जिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घाटापलीकडच्या किंवा खाडीकाठच्या गावांना हे अंतर पावसाळ्यात दुप्पट भासतं.

छोट्या गावात चांगलं वैद्यक होतच नाही, असंही कुणी समजू नये. कोकणात महाडसारख्या गावी राहून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम केलं आणि १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. लाल विंचवाच्या दंशानं माणसं दगावत होती. त्यांना प्राझोसिन या औषधानं वाचवता येतं, हे त्यांनी पुढं दाखवून दिलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर चालणारं प्रतिविष तुमच्या रुग्णालयात आहे का, हे मात्र जाण्याआधी विचारून ठेवा. शेतकडेला राहणाऱ्या घरात ही माहिती गॅस एजन्सीच्या नंबराइतकी पाठ हवी.

शाळा: वय पाहून निर्णय

मूल सहा वर्षांचं असेल तर तालुक्याचं गाव फार उदार असतं. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. मित्र गल्लीत असतात, मैदान असतं, घरी यायला उशीर झाला तर दुकानदार सांगतो, ‘तुमचा पोरगा आत्ताच गेला इकडून.’ जिल्हा परिषदेच्या काही शाळा अतिशय चांगल्या आहेत. त्या शिक्षकांमुळे चांगल्या असतात, म्हणून इमारत पाहण्याऐवजी तासभर वर्गात बसून यावं. तिसरीतलं मूल अनोळखी परिच्छेद वाचून अर्थ सांगतं का, एवढं पाहिलं तरी पुरे.

मूल चौदा-पंधराचं असेल तर हिशेब बदलतो. दहावीपर्यंत सोय असते, अकरावी-बारावी विज्ञानाला शिकवणी, प्रयोगशाळा आणि सोबत अभ्यास करणारी मुलं लागतात. याच गरजेतून ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला आणि आसपासच्या जिल्ह्यांतली घरं मुलांसाठी दोन वर्षं लातूरला खोली करून राहू लागली. गावी जाणाऱ्यानं हा खर्च आणि ही ताटातूट आधीच धरून चालावं. सर्वांत वाईट वेळ म्हणजे मूल नववीत असताना हलवणं. जुने मित्र सुटतात, नवे जमेपर्यंत परीक्षा येते. हलायचंच असेल तर सातवीच्या आत हलावं, नाहीतर बारावी होऊ द्यावी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी पाहावी लागते, ती म्हणजे एसटी. ग्रामीण भागात बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. सवलत आहे, पण संध्याकाळी साडेपाचला स्टँडवर जाऊन पाहावं. फलाटावर पाठीला दप्तरं लावलेल्या मुली घोळक्यानं उभ्या असतात आणि गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. शेवटची मुक्कामी गाडी चुकली तर घरून कुणीतरी मोटारसायकल घेऊन यायचं, किंवा उद्यापासून कॉलेज बंद. मुलीचं शिक्षण किती टिकेल, हे पुष्कळदा त्या एका गाडीच्या वेळेवर ठरतं. घर घेताना स्टँडपासूनचं अंतर आणि त्या रस्त्यावरचे दिवे म्हणूनच पाहायचे.

दोघांचं काम आणि संध्याकाळची जागा

स्थलांतर फसतं तेव्हा बहुधा पैशामुळे फसत नाही. घरातली बाई कोंडल्यासारखी होते, म्हणून फसतं. शहरात तिची नोकरी होती, मैत्रिणी होत्या, एकटीनं चहा प्यायला जायची जागा होती. गावी ती ‘अमक्यांची सूनबाई’ होते. तिच्या कामाची सोय गावी होणार आहे का, हा प्रश्न नवऱ्याच्या कामाइतकाच आधी सुटला पाहिजे. शिक्षिका, नर्स, वकील, हिशेबनीस, पशुवैद्य, फार्मासिस्ट या व्यवसायांना तालुक्याच्या गावात मागणी असते. बाकीच्यांना नेटवरचं काम किंवा स्वतःचा धंदा उभा करावा लागतो आणि त्याला दोन वर्षं द्यावी लागतात.

गावात पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न येतात: गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे कोण? बरेचदा त्यात निव्वळ आपुलकी असते, कधीकधी त्यामागं घर भाड्यानं द्यायचं की नाही, हा निर्णय असतो. जात, धर्म, एकटी बाई, मांसाहार यांवरून घर नाकारल्याचे अनुभव शहरात येतात तसे इथंही येतात. फरक एवढाच की शहरात पुढची गल्ली असते, छोट्या गावात पर्याय लवकर संपतात. उलट एकदा गावानं आपलं म्हटलं की आजारपणात डबा, मयताला खांदा आणि लग्नाला राबणारे हात न मागता मिळतात. ही दोन्ही चित्रं एकाच गावाची आहेत आणि आपल्या वाट्याला कुठलं येईल, ते काही महिने राहिल्यावाचून कळत नाही.

संध्याकाळी सातला सोळा वर्षांची मुलगी किंवा सत्तरीची बाई घराबाहेर कुठं बसू शकते, हे शोधा. वाचनालय, अभ्यासिका, देवळाचा पार, बाग, मैदान, काहीतरी हवं. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी ११ हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, त्यामुळे तालुक्याच्या गावात वाचनालय असतंच. ते संध्याकाळी उघडं असतं का आणि तिथं बायका दिसतात का, यावरून त्या गावाच्या मोकळेपणाचा अंदाज येतो.

घर घेण्याची घाई नको

पहिलं वर्ष भाड्यानं राहावं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, म्हणून ‘दोन गुंठे घेऊन टाका’ असं सांगणाऱ्याकडून आधी सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागून घ्यावं आणि गावाबाहेरच्या वकिलाला दाखवावं. काळ्या मातीवर बांधायचं असेल तर पायाचा खर्च वेगळा धरावा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तडे देते.

त्या वर्षात मे, जुलै आणि परीक्षांचा काळ हे तिन्ही यायला हवेत. पाणी, पाऊस आणि शाळा या तिघांचे खरे रंग तेव्हाच दिसतात. वर्ष संपलं की घरातल्या प्रत्येकानं, लहानग्यांनीसुद्धा, दोन गोष्टी सांगायच्या: इथं मला काय मिळालं आणि कशासाठी मला दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. आजीला औषधं आणायलाही मुलाची वाट पाहावी लागत असेल, मुलगी शिकवणी सोडून लवकर घरी येत असेल, बाईला महिनोन्‌महिने कमाई नसेल, तर हवा-पाणी कितीही छान असलं तरी ते गाव त्या घराला मानवलेलं नाही. अशा वेळी परत फिरण्यात कमीपणा मानू नये.

आणि घरातल्या सगळ्यात अडलेल्या माणसाचे पाय तिथं मोकळे चालू लागले असतील, तर खुशाल घर बांधावं. मग त्या गावाला जे कमी आहे ते उभं करायला हातभार लावावा. वाचनालयाची संध्याकाळची वेळ वाढवून घ्यावी, स्टँडच्या रस्त्यावर दिव्यासाठी नगरपरिषदेत अर्ज द्यावा, रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत लक्ष घालावं. फलटणला ज्यांनी शाळा उभी केली त्यांनी हेच केलं. आपल्या मुलांसाठी मागितलेली गोष्ट गावातल्या सगळ्या मुलांना मिळेल अशी मागितली, की ते गाव आपल्यालाही मानवतं आणि आपण गावाला.